न वाळणारं वॉर्निश

नेव्हिल बेक्सन मला पहिल्यांदा दिसला तो शाळेच्या बॉयलरच्या खोलीत. वर्गात मुलं कोट घालून गणितं सोडवत होती, आणि हीटर का बंद आहे हे विचारायला मी तरातरा खाली गेले होते. किल्ल्या, कुलपं आणि बॉयलर सांभाळणारा हा नवा माणूस दाराकडे पाठ करून बसला होता.

"हलू नका, मिस," तो मान न वळवता म्हणाला. "जमीन हादरते. डोळा रंगवतोय."

मी खरंच उभी राहिले. त्याच्या डाव्या हातात बाटलीचं बूच होतं आणि बुचावर चिकटवलेला, बोटाच्या पेराएवढा शिशाचा शिपाई. उजव्या हातात मोजून चार केसांचा ब्रश. त्याने एक ठिपका दिला, रोखलेला श्वास सोडला आणि ब्रश बुडवला तो थेट चहाच्या कपात. शेजारी रंगाच्या पाण्याची बरणी होती.

"गेला आणखी एक कप," तो शांतपणे म्हणाला. "उलटं झालं की जास्त वाईट. बरणीतलं पिऊन होतं." दहा मिनिटांत हीटर सुरू झाला.

आमच्या नॉटिंगहॅममध्ये असे शिपाई ओतले जातात, त्यामुळे घरोघरी त्यांनी भरलेला एखादा खण सापडतो. पण नेव्हिलने विकत आणलेला शिपाई तसाच कधी ठेवला नाही. एकाचं डोकं, दुसऱ्याचा हात, मधल्या फटीत हिरवी लुकण, मग रंग. त्याची आई खिडकीशी बसून कारखान्याची लेस दुरुस्त करायची. नजर तिची घेतली, असं तो सांगतो.

दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये तो आणि मॉरिस प्लमट्री मोठ्या टेबलावर या शिपायांच्या लढाया खेळायचे. मॉरिसने तीस वर्षं बस चालवली. पोट मोठं, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी, आणि हरण्याची सवय. निवृत्त झाल्यावर मी तिथलं चहाचं काम अंगावर घेतलं, म्हणून मला या दोघांचं सगळं ठाऊक आहे. नेव्हिल नियमाला इतका पक्का की बाणाचा पल्ला टेपने मोजताना पाव इंचावरून त्याने एकदा आमच्या पाद्रीबाबांशी वाद घातला होता.

या खेळणाऱ्यांची एक समजूत आहे. नव्याने रंगवलेला शिपाई पहिल्याच लढाईत मरतो. तीन महिने खपून केलेला घोडेस्वार पाच मिनिटांत आडवा झाला की सगळे टाळ्या वाजवतात. नेव्हिलही वाजवायचा.

एका हिवाळ्यात मॉरिसने हट्ट धरला. "नेव्ह, मला माझ्यासारखा सेनापती कर. पोटासकट."

नेव्हिलने केला. लुकणीचं पोट, चष्मा, उघडी बटणं, नाकाच्या शेंड्यावर जरा लाली. चिलखताऐवजी शर्ट, कारण मॉरिसच्या मापाचं चिलखत कोण बनवणार? सेनापती तयार झाला, आणि त्याच आठवड्यात मॉरिसच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख आली.

मग वॉर्निश वाळेना. एक गुरुवार गेला, दुसरा गेला.

"अजून ओलं आहे," नेव्हिल म्हणायचा.

"दोन आठवडे? माझ्या घराचं दार दोन तासांत वाळलं!"

"हवा दमट आहे."

"सरळ सांग ना, मी टेबलावर ठेवण्यासारखा दिसत नाही म्हणून." मॉरिस हसत म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याने बिस्किटांना हात लावला नाही.

कप विसळताना मी नेव्हिलला गाठलं. "वाळलंय ना?"

"कधीच वाळलंय, मिस." त्याने कप पुसून पुन्हा पुसला. "पण तो टेबलावर आला की मरणार. बारा दिवसांनी, मंगळवारी, मॉरिसची छाती उघडणार आहेत. मूर्खपणा आहे, कळतं मला. पण हात होत नाही."

शाळेत मी मुलांची पुष्कळ गुपितं पोटात ठेवली. हे मात्र त्याच संध्याकाळी मॉरिसला सांगून टाकलं. तो खुर्ची करकरेपर्यंत हसला. "गाढव आहे लेकाचा," तो म्हणाला. "अहो, याला आधी मरू दे की! माझ्या वाटचं तो मरेल. गुरुवारी आणायला सांगा."

सोमवारी एकदा आणि बुधवारी एकदा, असं मला दोनदा नेव्हिलला राजी करायला त्याच्या घरी जावं लागलं. गुरुवारी त्याने कापसात गुंडाळलेला सेनापती आणला. मॉरिसने तो उचलून थेट नेव्हिलच्या तिरंदाजांसमोर नेऊन उभा केला. नेव्हिलने टेप लावली, आणि ती मधेच ढिली सोडली.

"बाण पोचत नाही."

"टेप ताण, नेव्ह."

"नाही पोचत."

"पाव इंचावर पाद्रीबाबांना रडवलंस, आणि आता लबाडी? ताण!"

टेप ताणली. बाण पोचत होता. आता सेनापतीसाठी मॉरिसने फासा टाकायचा. एक पडला तरच मेला, दुसरं काहीही पडलं तर वाचला.

एक पडला.

नेव्हिल भिंतीकडे बघत राहिला. मॉरिसने मात्र सेनापतीला हळूच आडवं केलं आणि टोपी काढली. "चला, मेलो. मंगळवारी डॉक्टरांना नुसतं शिवणकाम उरलं." मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार?

नेव्हिल सेनापतीला उचलून दिव्याखाली धरत म्हणाला, "आडवा करताना गालाचा रंग खरवडलास."

शिवणकाम चांगलं झालं. मॉरिस घरी आला तेव्हा नेव्हिलने गाल दुरुस्त केला, आणि चार केसांच्या ब्रशने सेनापतीच्या उघड्या बटणांमध्ये एक बारीक गुलाबी रेघ ओढली.

नेव्हिल आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दर गुरुवारी सव्वासहाला तो मॉरिसला त्याच्या दारातून गाडीत घेतो, आणि हॉलपर्यंत मॉरिस त्याला गिअर कसा टाकावा ते सांगत असतो.