फुलंब्रीच्या मंडपातलं गाणं

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. साऱ्या औरंगाबादला माहीत असलेला आमचा रॉक बँड फुटला होता आणि पोटासाठी मी फुलंब्रीच्या एका लग्नात ऑर्केस्ट्राबरोबर गिटार वाजवत होतो. भर दुपारी मंडप तापलेला, स्टेजमागं जनरेटर धडधडत होता, घामानं तारांवरून बोटं निसटत होती. तेवढ्यात आमच्या फुटलेल्या बँडचा गायक पाहुणा म्हणून आला. निवेदकानं त्याला शाल-श्रीफळ देऊन माईकवर सांगितलं, “यांच्या बँडच्या त्या गाजलेल्या गाण्याची चाल यांनीच बांधली!” चाल माझी होती, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीत बांधलेली, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो नुसता हसला आणि मला म्हणाला, “चल रे, कर सुरू.” नवरीचे मामा ओरडले, “ओ गिटारवाले, वाजवा की! लई टाइम नाय.” मी गिटारची वायर उपटली आणि म्हणालो, “ज्यानं चाल बांधली, त्यालाच वाजवू द्या.” गिटारशिवाय त्याला सुरुवातच सापडेना. भलत्याच पट्टीत तो बेसूर गायला, आणि मंडपानं तरीही शिट्ट्या मारल्या. आता माझ्याकडं शिकायला येणारी पोरं तेच गाणं मागतात. मी म्हणतो, शाल ज्याला मिळाली, त्याच्याकडं जा.