तिसऱ्या मुद्द्याआधी

कॉलेजात त्यांना सगळे तोफसर म्हणत. शिकवायचे अर्थशास्त्र, पण जीव सगळा वादविवादात. त्यांच्या पोरांनी इतक्या ढाली जिंकून आणल्या होत्या की ठेवायला कपाट पुरेना. तालीम घरीच चाले, पुढच्या खोलीत.

"मुद्दे तीनच. तिसरा काळजाला हात घालणारा. आणि त्याच्याआधी क्षणभर थांबायचं, की सभागृह मुठीत!"

समोर कोणता संघ आहे याची ते चौकशीसुद्धा करू देत नसत. "समोर कोणी का असेना, आपली तोफ धडाडली पाहिजे."

त्यांची मुलगी दुसऱ्या कॉलेजात होती. एकदम घुमी. "आमच्या पोरीच्या तोंडाला कुलूप आहे," असं सर हसत सांगत, तेही तिच्यादेखत.

त्या वर्षी अंतिम फेरीचा विषय होता, 'परीक्षा बंद कराव्यात'. सरांचा संघ बाजूने बोलणार होता. विरोधी संघ मंचावर आला आणि पहिल्या रांगेत ऐसपैस बसलेले सर ताडकन सरळ झाले. सकाळी 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून निघालेली त्यांची मुलगी तिथे बसली होती.

तिची पाळी आली. आवाज शांत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"माझ्यानंतरचे वक्ते तीन मुद्दे मांडतील. तिसरा असेल, नापास होऊन खचलेल्या मुलाचा. त्याआधी ते क्षणभर थांबतील. तो मुद्दा खोटा नाही, म्हणून आधी मीच तो नीट मांडते."

आणि तिने तो असा मांडला की परीक्षकही हलले. मग म्हणाली, "पण या मुलाला बुडवलं ते वर्षातून एकदाच येणाऱ्या परीक्षेनं. परीक्षा बंद करू नका, त्याला आणखी संधी द्या."

पाठोपाठ सरांचा हुकमी पठ्ठ्या उभा राहिला. दोन मुद्दे झाले. तो थांबला. सभागृहात हशा पिकला आणि पोरगा पुढचं सगळं विसरला.

ढाल दुसरीकडे गेली.

घरी आल्यावर सरांनी चपलाही काढल्या नाहीत. "कोणी शिकवलं तुला हे?"

मुलीने हनुवटीनेच आईकडे दाखवलं. "आई रोज तुमची बाजू मांडायची. मी खोडायचे."

"ही?"

सरांच्या पत्नी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला, घसा खाकरला आणि 'परीक्षा बंद कराव्यात'वर बोलू लागल्या. तोच चढ, तीच हातवाऱ्याची ढब. तिसऱ्या मुद्द्याआधी त्या क्षणभर थांबल्यासुद्धा.

"अहो, इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. पाठ नाही का होणार?"

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"तुमच्या बोलण्यात फट सापडेल तेव्हा ना!"

पुढच्या तालमीत सरांनी पोरांसमोर विरोधी बाजू म्हणून बायकोलाच उभं केलं. पोरांची दाणादाण उडाली. सर भलतेच खूश झाले आणि आत जाऊन मुलीला म्हणाले, "तूही ये की. आमचं कुठे चुकतं ते सांग."

तिने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, मी समोरच्या संघात आहे. तुम्हाला कशाला सांगू?"