नसलेला खड्डा

आमच्या भाऊजींनी तीस वर्षांत चार हजारांवर माणसांना गाडी चालवायला शिकवलं, पण त्यांतल्या निम्म्यांना तरी त्यांचं खरं नाव माहीत नसेल. शिकणाऱ्याच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसणारा माणूस म्हणून सगळं गाव त्यांना ब्रेकमास्तर म्हणतं. त्यांचा आवाज कधी चढत नाही. विद्यार्थ्याने दुधाच्या टेम्पोवर गाडी घातली तरी ते ब्रेक दाबून एवढंच म्हणतात, "त्याला जाऊ द्या, त्याला घाई आहे."

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते चाक देत नाहीत. स्वतः चालवत नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारतात आणि प्रत्येक वळण तोंडाने सांगत जातात. या फेरीत शिंप्याच्या दुकानासमोरचा खड्डा हा मोठा धडा होता. नगरपालिकेने तो आठ महिने जपून ठेवला होता. भाऊजींनीही तक्रार करण्याऐवजी त्याला अभ्यासक्रमात घेतलं. "आरसा बघायचा, उजवीकडे हलकेच घ्यायचं, पुन्हा सरळ. हा जमला की निम्मी परीक्षा पास."

एका सकाळी इस्पितळातली एक नर्स शिकायला आली. तिच्यामागून आणखी चौघी नाव घालणार होत्या, त्यामुळे भाऊजी खुशीत होते. शिंप्याचं दुकान आलं. भाऊजी म्हणाले, "आता बघा, हा असा चुकवायचा," आणि गाडी उजवीकडे घेतली. आदल्याच दिवशी नगरपालिकेने तो खड्डा बुजवला होता, आणि पाण्याच्या नळासाठी नेमका त्याच्या उजवीकडे दुसरा खणून ठेवला होता. दोरी नाही, फलक नाही. गाडीचं पुढचं चाक थेट आत गेलं.

नर्सने आधी स्वतःचे हातपाय हलवून पाहिले, मग भाऊजींच्या कपाळावरचं टेंगूळ दाबून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "सर, हा पुढचा धडा का?"

गाडी गॅरेजात गेली. ते दुखणं बरं होण्यासारखं होतं. पण चौघी नर्सनी नाव घालायचं पुढे ढकललं आणि दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक चहाच्या टपरीवर म्हणाला, "मास्तरांना आपल्या बाजूचा ब्रेक सापडला नाही म्हणे!" विमा कंपनी पैसे द्यायला तयार होती, पण कागदावर कारण लिहिणार होती 'चालकाची चूक'. भाऊजींनी त्या कागदावर सही केली नाही.

आठव्या दिवशी ताईचा मला फोन आला. "हा माणूस घरात बसून मला गॅस कधी बारीक करायचा ते शिकवतोय. दुसरा ब्रेक आता माझ्या स्वयंपाकघरात बसवलाय. भाऊ, काहीतरी कर बाबा!"

मी नगरपालिकेच्या नावे नुकसानभरपाईचा अर्ज लिहून भाऊजींकडे नेला. सोबत गॅरेजचं बिल, फोटो आणि नर्सचा जबाब क्रमाने लावले. भाऊजींनी तो दोनदा वाचला.

"अहो मेहुणे, मुख्य वाक्य राहिलं. अपघातात चालकाची चूक नव्हती, असं लेखी द्यावं."

"भाऊजी, सरकारी कचेरीतून एक वेळ पैसे मिळतील. असं वाक्य कोणी देत नाही."

"मग पैसे राहू द्या. मास्तरच चुकला असं गाव म्हणत असेल, तर दुरुस्त केलेल्या गाडीत बसणार कोण? तुम्ही?"

मला गाडी येत नाही. मी वाक्य घातलं.

रस्ते विभागाच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत अर्जाला नंबर मिळाला, दुसरीत तो नंबर चुकीचा निघाला, आणि तिसरीत एक तरुण इंजिनीअर भेटला. त्याने फाइल खरोखरच वाचली होती.

"फलक नव्हता, हे मला मान्य आहे," तो म्हणाला. "पण जुना खड्डा बुजवल्याची आमच्याकडे नोंद आहे. तुमची बाजू मोकळी होती. मग तुम्ही उजवीकडे गेलात कशाला?"

"सवयीने."

"सवयीची भरपाई नियमात बसत नाही, मास्तर."

"सवय तुम्हीच लावलीत की! आठ महिने!"

इंजिनीअरला हसू आलं, पण त्याने मान हलवली. "वरचे साहेब मला एकच विचारतील. नसलेला खड्डा कोणी चुकवतं का? जागेची पाहणी करतो. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कचेरीच्या जीपमधून निघालो. पुढे इंजिनीअर मांडीवर कागद घेऊन काहीतरी लिहीत होता, मागे आम्ही दोघे. नळाचा खड्डाही एव्हाना बुजवला होता. रस्ता गोट्या खेळाव्यात इतका सपाट. जीपचा ड्रायव्हर जावयाच्या तक्रारी सांगण्यात रंगला होता. "मी म्हटलं, बाबा रे, टीव्ही तुझा, पण डोकं माझं..." शिंप्याचं दुकान आलं तशी जीप झोकात उजवीकडे वळली आणि पुन्हा सरळ झाली. इंजिनीअरच्या पेनाची रेघ कागदभर ओढली गेली.

"अहो, वळवलीत कशाला?"

"खड्डा आहे ना साहेब."

"कुठे?"

ड्रायव्हरने जीप थांबवली, खाली उतरून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "होता बुवा."

भाऊजी खिडकीबाहेर बघत बसले. 'बघा' न म्हणणं त्यांच्या स्वभावाला फार जड गेलं असणार.

इंजिनीअर खाली उतरला. शिंप्याने स्टुलं बाहेर आणली आणि आम्ही अर्धा तास रस्त्याकडे तोंड करून बसलो. त्रेचाळीस वाहनं गेली. त्यांतली एकोणतीस त्या सपाट रस्त्यावर उजवीकडून वळसा घालून गेली. एका बाईंनी तर आरसा बघून, रीतसर वेग कमी करून वळसा घातला. "ही आमची," भाऊजी हळूच म्हणाले.

शिंपी म्हणाला, "साहेब, मी दुकान बंद करून पायी घरी जातो, तरी वळसाच घेतो."

इंजिनीअरने त्याचाही जबाब घेतला.

पत्र यायला दीड महिना लागला. दुरुस्तीचा तीन चतुर्थांश खर्च मंजूर झाला होता. ती ओळ भाऊजींनी सोडूनच दिली. त्यांचं बोट खालच्या ओळीवर थांबलं: 'दीर्घकाळ राहिलेल्या खड्ड्यामुळे बहुतेक वाहनचालक त्या जागी वळण घेत असल्याचे पाहणीत दिसून आले. सबब, अपघातात चालकाची चूक आढळत नाही.' ताईने ते वाचलं आणि म्हणाली, "ओळ तुम्ही ठेवा, पैसे माझ्याकडे द्या. आणि उद्यापासून माझ्या गॅसला हात लावायचा नाही."

भाऊजी त्याच दुपारी पत्र घेऊन इस्पितळात गेले. मलाही ओढून नेलं. नर्सने ते आपल्या चौघी मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांतली सगळ्यात वयस्कर बाई चष्म्यावरून भाऊजींकडे बघत होती.

"म्हणजे चूक तुमची नाही. पण सर, समोर खड्डा नव्हता आणि तुम्ही वळलात, हे तर खरं?"

मला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात.

"खरं आहे," भाऊजी म्हणाले. "मी रस्ता बघत नव्हतो, पाठ म्हणत होतो. माझ्याकडे शिकलात तर आता हे पहिल्याच दिवशी सांगेन."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "कबूल करणारा मास्तर बरा. माझं नाव लिहा. सकाळी सातला जमेल का?"

"आमचीही लिहा," बाकीच्या म्हणाल्या, आणि सातची वेळ कोणाला मिळणार यावरून चौघींची जुंपली. भाऊजींनी शांतपणे वही उघडली.