भिजलेला कोद्रा
आज एकादशी, आणि घरात भगर शिजल्याचा वास सुटला की मला ती दुपार आठवते. लढाईच्या दिवसांत ज्वारी मिळेना, म्हणून सासऱ्यांनी खांडबाऱ्याच्या बाजारातून कोद्रा आणला. कापणीनंतर पावसात भिजलेला कोद्रा डोक्यात चढतो, हे आम्हा तापीकाठच्या माणसांना कुठलं माहीत! माझा उपवास होता, मी भगर खाल्ली. सासू, सासरे आणि आमचे हे कोद्र्याचा भात जेवून ओसरीवर टेकले. थोड्या वेळाने अंगणात खरकटं टिपणाऱ्या कोंबड्या कलंडल्या. मी ताकाचा तांब्या घेऊन धावत दारात आले, तर तिघांचे हात थरथरत होते आणि डोळे तांबारले होते. एकाएकी ह्यांनी आणि सासऱ्यांनी सरकून मधे जागा केली. सासूबाई माझ्या खांद्यावरून आत घरात बघत हसल्या, “मोठी उनी. ये माय, बठ.” मोठी आली म्हणे; मोठी म्हणजे ह्यांची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. संध्याकाळी गुंगी उतरली तेव्हा तिघांनाही काही आठवत नव्हतं. मला मात्र अजून आठवतं, की कोद्र्याचं शीतही तोंडात घातलं नव्हतं, तरी मीसुद्धा दारातून बाजूला सरकले होते.