दिवसा झोपणाऱ्याची काच

आमच्या गावात सोयरीक जुळवताना पत्रिका कोणी बघायचं नाही. पाय बघायचे. मुलाला कळशी देऊन विहिरीवर धाडायचं आणि तो चालायला लागला की पाहुण्यांनी बसल्या जागेवरून त्याचे घोटे निरखायचे. एक पाय जाड वाटला तर चहाला न थांबता माणसं उठायची. बेलापूरची खाडी उशाला, गावाभोवती डबकी, आणि संध्याकाळ झाली की मच्छरांचं राज्य. घरटी एकाचा तरी पाय हत्तीसारखा सुजलेला. आधी ताप यायचा, जांघेत गाठ यायची, मग वर्षा-दोन वर्षांनी पाय यायचा. लोक म्हणत देवीचा कोप. हे मच्छर चावल्यानं होतं, हे कोणाच्या डोक्यात येईल?

मी सांगते ती गोष्ट बासष्ट सालची. माझा थोरला भाऊ तुळशीराम, आमचा दादा, तेव्हा सरकारच्या हत्तीरोगाच्या कामावर रक्त घ्यायला होता. दादा म्हणजे पायाला भिंगरी आणि नाकावर राग. मी त्याचीच बहीण, म्हणून आमचं जमायचं पण, आणि रोज वाजायचं पण. या रोगाचा बारीक किडा दिवसा रक्तात सापडत नाही, रात्री फिरायला निघतो, असं त्याला शिकवलेलं. त्यामुळे रात्री दहानंतर कंदील घेऊन तो दारोदार जायचा, झोपलेल्यांना उठवायचा, सुईनं बोट टोचून काचेच्या पट्टीवर तीन थेंब घ्यायचा. लोक शिव्या घालायचे. सरकार आपलं रक्त विकतं असंसुद्धा म्हणायचे. मग दादा काय करायचा, सगळ्यांसमोर आधी स्वतःचं बोट टोचायचा. म्हणायचा, बघा, मेलो का मी? सहा वर्षांत त्याच्या बोटांची चाळणी झाली होती. त्याच्या त्या काचासुद्धा मधूनमधून ऑफिसातल्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली जायच्या, आणि दर वेळी स्वच्छ निघायच्या. त्याचा त्याला भारी तोरा.

हळूहळू लोकांना कळलं की पाय सुजायच्या आधीच काच बोलते. झालं, सोयरिकीच्या आधी घोट्यांबरोबर काचही बघायला लागले. माणसं दादाला बाजूला घेऊन विचारायची, अमक्याच्या पोराची काच कशी हाय? दादाचा शब्द म्हणजे ब्राह्मणाचा मुहूर्त.

माझ्या वेळी तर घरचंच लग्न. मुलगा शेजारच्या गावचा कान्हा. वडील नव्हते, आई गोजरा आणि तो, एवढंच घर. कान्हा मिठागरावर रात्रीचा रखवालदार. भरतीच्या पाण्यानं बांध फुटला तर सगळं मीठ पाण्यात, म्हणून रात्रभर तो बांधावर फेऱ्या घालायचा. मला तो आवडला होता, आता या वयात सांगायला कसली लाज. दादानं रात्री बांधावर जाऊन दोनदा त्याचं रक्त घेतलं आणि आईला सांगितलं, काच स्वच्छ हाय, देऊन टाक पोर. साखरपुडा झाला, लग्नात धवले गाणारी धवलारीण ठरली.

हळदीला बारा दिवस उरले असताना निरोप आला, कान्हाला ताप भरलाय, जांघेत गाठ आलीय.

दादाचा चेहरा मी पाहिला. त्या रात्री तो पुन्हा काच घेऊन आला, ती पुन्हा स्वच्छ निघाली, आणि तेव्हापासून तो एका जागी बसेना. जेवता जेवता उठायचा, दारात जाऊन उभा राहायचा, परत यायचा. शेवटी पनवेलला त्याच्या कामावरच्या डॉक्टरसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, पोरगा काम काय करतो आणि झोपतो कधी? रात्री रखवाली करतो, दिवसा झोपतो, दादा म्हणाला. साहेब म्हणाले, मग त्याचं रक्त रात्री काय घेतोस? किड्याला सूर्य कळत नाही, माणसाची झोप कळते. जो दिवसा झोपतो त्याचा किडा दिवसा वर येतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दादानं झोपलेल्या कान्हाचं बोट टोचलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी काच दुर्बिणीखाली गेली. किडे होते.

आता चूक कोणाची? दादाचीच ना? पण माणूस चुकला की आधी दुसऱ्यावर ओरडतो. दादा पनवेलहून घरी न येता थेट गोजराबाईच्या अंगणात गेला आणि शेजारीपाजारी ऐकतील असा गरजला. म्हणाला, नासक्या रक्ताचं पोर आमच्या गळ्यात मारायला निघालात. कान्हा तापानं फणफणलेला आत पडून होता. गोजराबाई काही वाद घालायला गेली नाही. तिनं एवढंच विचारलं, "भाऊ, काच तुमीच बघितली होती ना?" त्यावर दादा तोंड फिरवून निघून आला.

मी अंगणात सुकट निवडत होते. दादानं येऊन आईला सांगितलं, सोयरीक मोडली. वर मलाच समजावायला लागला, की साहेब काय म्हणाले, दिवसा झोपणाऱ्याचा किडा कसा दिवसा वर येतो, आपण वेळेवर कसे वाचलो. माझं डोकं फिरलं. मी सूप खाली आपटलं आणि विचारलं,

"दादा, तू कधी झोपतोस?"

खरं सांगते, मी रागानं बोलले होते. त्याला टोचायला बोलले होते. पण बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. सहा वर्षं दादा रात्रभर गावं फिरत होता, पहाटे काचा ऑफिसात टाकत होता आणि सकाळी भाकर खाऊन दिवस कलेपर्यंत झोपत होता. आणि अधूनमधून त्याला ताप यायचा. आम्ही म्हणायचो, दगदग झाली.

दादा आत गेला, आडवा झाला, उठला. मला म्हणाला, "पुतळे, मी झोपलो की माझं बोट टोच."

पण झोप येते कुठली? तीन दिवस तो माणूस तळमळला. ह्या कुशीवरून त्या कुशीवर, मग उठून घरभर, मग पुन्हा चटईवर. मी हातात सुई घेऊन उंबऱ्याशी बसलेली. मला वाटायचं झोपावा, आणि वाटायचं झोपू नये. कावळा ओरडला तरी मी त्याच्यावर चिडत होते. चौथ्या दिवशी दुपारी त्याचा डोळा लागला. घोरायला लागल्यावर मी त्याचा हात हातात घेतला. शंभरदा पाहिलेलं काम, तसंच बोट टोचलं. तीन थेंब घेतले, काच सावलीत वाळवली, कागदात गुंडाळून त्याच्या उशाशी ठेवली.

ती काच घेऊन तो गेला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. खिशातून गोळ्यांच्या दोन पुड्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. दोन पुड्या बघितल्यावर मला काही विचारायची गरज उरली नाही. मी पदर तोंडात कोंबला. तो म्हणाला, एक कान्हाला नेऊन दे.

मी म्हटलं, "तूच नेऊन दे. सगळ्यांसमोर बोलून आलास, सगळ्यांसमोरच दे."

तो गेला. शेजारी जमले तसं त्यानं सांगितलं, माझ्या रक्तात पन तेच हाय, आणि गोजराबाईच्या हातच्या पाण्यानं पहिली गोळी गिळली. गोळीनं किडे मरतात तेव्हा ताप येतो. ती रात्र दोघांनी तिच्या ओटीवर शेजारी शेजारी कण्हत काढली आणि ती दोघांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली. हळद आठ दिवस पुढे ढकलली. धवलारीण तीच आली.

कान्हाचं वेळेत सापडलं. शेवटपर्यंत त्याचे दोन्ही पाय सारखे राहिले. दादाचं सहा वर्षं उशिरा सापडलं होतं. दोन वर्षांत त्याचा डावा पाय सुजून आला, ती सूज गेली नाही. तरी त्यानं काम सोडलं नाही. तो पाय ओढत दारोदार जायचा, आणि सुई काढायच्या आधी प्रत्येकाला विचारायचा, तुमी झोपता कधी? त्याच्या पायाकडे बघून लोक मुकाट बोट पुढे करायचे.

सगळे म्हणतात, पुतळानं वेळेवर विचारलं. कसलं वेळेवर? सहा वर्षं रोज सकाळी त्याची चटई मीच अंथरत होते, उन्ह येऊ नये म्हणून दार मीच ओढून घेत होते.