खोबरेलाच्या बाटलीवरची शर्त

उन्हाळे वाढताहेत आणि ते माणसानंच वाढवलेत, असं ठणकावून सांगणारा एकच माणूस त्या काळी आमच्या सबंध वाशीम तालुक्यात होता, आणि तो माझ्या ताईचा सासरा होता. हल्ली वर्तमानपत्रात रोज एक विद्वान दुसऱ्या विद्वानाशी याच विषयावर भांडत असतो. माणसाची करणी की निसर्गाचा फेरा, यावर रकानेच्या रकाने भरतात. मला मात्र ते वाचताना ताईच्या सासरच्या गावचा, जऊळक्याच्या स्टेशनावरचा बाक आठवतो. दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, वाशीम अजून जिल्हा व्हायचा होता, आणि छोट्या रुळांवरून कोळशाच्या इंजिनाची गाडी धावायची. तिच्यात बसून मी बहुतेक रविवारी ताईकडे जायचो. ताई सासऱ्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही मामाजीच म्हणायचो. ते जातीचे माळी. स्टेशनामागं त्यांचा मळा होता, आणि मळ्यातली वांगी, मेथी, कोथिंबीर टोपल्यांनी वाशीमच्या बाजारात जायची.

मामाजींचं म्हणणं अगदी साधं होतं. ही धरती म्हणजे एकच मोठी खोली आहे, तिला ना दार ना खिडकी, आणि आपण सगळ्यांनी मिळून तिच्यात चुली पेटवून ठेवल्या आहेत. पाऊस का आला नाही याची कारणं तेव्हा जो तो शोधत होता. कुणी म्हणे देव कोपला, कुणी ग्रहांवर घालायचं. मामाजी उसळून म्हणत, "देवाच्या माथी कायले मारता? धूर कोण करून राह्यलं?" एवढं म्हणून थांबले असते तर लोकांनी त्यांना शहाणं तरी म्हटलं असतं. पण मामाजी बोलत तसं वागायला जात, आणि तिथं घोटाळा होई. बिडी त्यांनी सोडली होती, म्हणजे पेटवायची सोडली होती. न पेटवलेली बिडी दिवसभर ओठात असे. होळीला त्यांनी कधी काडी दिली नाही, आणि म्हणूनच गावातली पोरं दर वर्षी नेमकं त्यांच्याच कुंपणाचं लाकूड पळवत. चहा तर ते बशीत ओतून पार थंडगार होईपर्यंत पीत नसत. गरम चहा पिणारा माणूस दिवसभर अंगातून ऊन, म्हणजे ऊब, सोडतो, अशी त्यांची समजूत होती. ताईच्या सासूबाई, म्हणजे मामीजी, एकदा शांतपणे म्हणाल्या, "चहा थंडा झाला, तं त्याच्यातली ऊन गेली कुठं? घरातच न?" मामाजींना त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

इंजिन स्टेशनात शिरलं की मामाजी बाकावरून उठून त्याच्या धुराकडं असे बघत, की जणू गुन्हेगार पकडून आणलाय. ड्रायव्हरला ते ओरडून विचारत, "कितीक कोयसा जाळला बावा आज?" ड्रायव्हर रोजचाच, तो हसून सलाम ठोकायचा. मग त्याच गाडीत मामाजी आपली वांग्यांची टोपली चढवायचे. बाकावर शेजारी बसलेले आबाजी या क्षणाची वाटच बघत असत. "गड्या, वांगे बैलबंडीनं पाठव न मंग! काहून चढवून राह्यला त्या धुराच्या गाडीत?" मामाजी न वळता सांगत, "वांग्यायनं धूर केला का?"

हे आबाजी म्हणजे मामाजींचे लहानपणापासूनचे सोबती आणि जन्माचे विरोधक. गावात त्यांची वीटभट्टी होती. अर्धं गाव त्यांच्याच विटांनी उभं राहिलं होतं, मामाजींचं घरसुद्धा. भट्टी पेटली की स्टेशनापर्यंत धूर यायचा, आणि मामाजी खोकल्याचं मोठं नाटक करायचे. आबाजींचं उत्तर ठरलेलं होतं. "सूर्य केवढा, आन माणूस केवढा! माही भट्टी सूर्याले तापवीन का? उन्हाये तं आपल्या आज्याच्या टायमालेही तापे." मामाजी म्हणत, "सूर्य थोच आहे गड्या. आपून जास्ती झालो." पुढं कुणालाच काही सिद्ध करता येत नसे, आणि म्हणूनच हा वाद इतकी वर्षं टिकला. दोघांपैकी एक जरी स्टेशनावर आला नाही, तर दुसरा गाडी यायच्या आधीच घरी परतायचा.

एका हिवाळ्यात मात्र मामाजींना पुरावा सापडला. ओसरीच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली असायची. मामाजींच्या आईच्या वेळी दिवाळी सरली की तेल गोठून पांढरं व्हायचं. यंदा मार्गशीर्ष निम्मा उलटला, तरी बाटलीतलं तेल आपलं पाण्यासारखं पातळ. मामाजी बाटली घेऊन थेट स्टेशनावर गेले आणि गाडीतून उतरणाऱ्या-चढणाऱ्या प्रत्येकाला ती हलवून दाखवू लागले. आबाजींनी आधी तेलात भेसळ काढली. मग म्हणाले, चल, ठेवतो कुठं ते दाखव. आम्ही सगळे घरी आलो. आबाजींनी कोनाड्यात हात घातला, भिंत चाचपली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "सूनबाई, या भितीच्या मांगं काय आहे?"

"चूल," ताई आतून म्हणाली. "म्हणूनच तं मी बाटली तिथं ठेवते, थंडीचं तेल पातय राह्यते."

आबाजी इतके हसले की त्यांना ओसरीवर बसावं लागलं. मामाजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मंग? मी काय म्हंतो इतक्या सालापासून? चूल माही, इट तुही. आता सांग, ऊन कोणाची?" आबाजींचं हसू थांबलं. पण मामाजींना जिंकल्यावर थांबायचं कळत नसे. तावातावानं ते म्हणाले, "बाटली आता बाहेर ओट्यावर ठेवतो, उघड्यावर. संक्रांतीपर्यंत गोठलं, तं नाल्याकाठचे निंब तुहे. नाही गोठलं, तं यंदा भट्टी पेटवाची नाही." आबाजींनी हात पुढं केला आणि शर्त लागली.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. नाल्याकाठचे ते कडुनिंब मामाजींच्या आईनं लावलेले होते. भर उन्हाळ्यात सगळा मळा त्यांच्या सावलीला येऊन जेवायचा, आणि आबाजी कित्येक वर्षं भट्टीसाठी ते विकत मागत होते. उघड्यावर ठेवलेलं खोबरेल पौषात गोठतंच, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक असावं. मामीजींनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. मामाजींना मात्र खात्री होती. त्यातून आभाळानंही त्यांचीच बाजू घेतली. ढगाळ हवा पडली, थंडी कुठं गेली कळेना, आणि तेल ओट्यावरही पातळच राहिलं. मामाजी रोज सकाळी बाटली तिरपी करून बघत आणि दिवसभर ताठ चालत. फक्त बढाई मारायला समोर कुणी नव्हतं. आबाजी खोकला-तापानं अंथरुणाला खिळले होते आणि स्टेशनावर येत नव्हते.

संक्रांत तोंडावर आली आणि आभाळ मोकळं झालं. मी त्या रविवारी आदल्या रात्रीपासून ताईकडंच होतो. सकाळी ओट्यावर दात घासत उभा होतो, इतक्यात मामाजी आले, त्यांनी बाटली उचलली आणि तिरपी केली. काहीच हललं नाही. पालथी केली, तरी नाही. बाटलीभर पांढरंशुभ्र खोबरेल घट्ट बसलं होतं. मामाजी तिच्याकडं बघत राहिले. अंगणात ऊन यायला लागलं होतं. मामीजी दारात आल्या आणि कित्येक दिवसांनी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या, "उन्हात ठेवा न जराशी. कोण पाह्यते?"

"मी पाह्यलं न," मामाजी म्हणाले.

मग त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. वाटेत तेल वितळू नये म्हणून त्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली. स्वतःच्या हरण्याचा पुरावा एखाद्या तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून ते निघाले, आणि मी मागून. आबाजी खाटेवर गोधडी पांघरून पडले होते, चांगलेच वाळले होते. मामाजींनी फडकं सोडलं. "घे. गोठलं. निंब तुहे."

आबाजी चिडवतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि गोधडीत ओढून घेतली. मग मेथीची विचारपूस झाली, इंजिनाच्या ड्रायव्हरची झाली. चहा आला; मामाजींचा बशीत निवत राहिला. तो पुरता थंड होऊन त्यांनी पिऊन टाकला, तेव्हा आबाजींनी बाटली बाहेर काढून तिरपी केली. तेल सरळ खाली वाहिलं.

"काय गोठलं म्हंतो बे? पाह्य, पातय आहे."

"तुह्या तापानं पातय झालं थे!"

"मंग? मीही माणूसच आहो न? माणसाच्या ऊनीनं झालं. तूच म्हंत होता." आबाजींना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "निंब राहू दे. यंदा इटा कोण पाडते?"

आम्ही परत निघालो. मळ्याजवळ आल्यावर मामाजी म्हणाले, "पाव्हणे, जिंदगीत पह्यल्यांदा माह्या बाजूनं बोलला, तेही खोटं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी नाल्याकाठचा एक निंब तोडला. सगळे ओरडले, आबाजींनी तर माफ केलं होतं. पण तेल गोठलेलं त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या लाकडाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आबाजी बरे होऊन भट्टी लावतील तेव्हा पोचवू, असं म्हणून ते मळ्यात रचून ठेवलं.

भट्टी पेटलीच नाही. वैशाखात आबाजी गेले. आमच्याकडं मयतीला घराघरातून एकेक लाकूड येतं. होळीलाही काडी न देणारे मामाजी त्या दिवशी बंडीभर वाळलेला निंब घेऊन आले. कुणीतरी विचारायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "त्याचंच आहे. त्याच्याच नावानं तोडलं." वारा नव्हता. धूर सरळ वर गेला. सवयीनं दोन-चार जणांनी मामाजींकडं पाहिलं. ते धुराकडं नाही, खाली बघत होते.

त्यानंतरही मामाजी स्टेशनावर यायचे, टोपली चढवायचे, बाकाच्या आपल्याच बाजूला बसायचे. ड्रायव्हर सलाम करायचा, ते हात वर करायचे, पण कोळशाचं विचारत नसत. एका कडक दुपारी मला राहवलं नाही. त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी म्हणालो, "मामाजी, यंदा ऊन जास्तीच आहे. तुम्ही म्हणत होता, तेच खरं."

मामाजींनी बाकाच्या रिकाम्या अर्ध्याकडं पाहिलं. "आहे न," ते म्हणाले. "पण पाव्हणे, तुमी तं हो म्हंता. नाही म्हणणारा कोणी पाह्यजे."