चाळीस दिवसांचा चहा

यंदाच्या उपवासकाळात माझा नवरा कोणावर तरी प्रेम करत होता, आणि तेही पाळकांच्या परवानगीने.

परवानगी कसली, पाळकांनीच तसा गृहपाठ दिला होता. परळच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत नवे पाळक आले, वयाने माझ्या भाच्याएवढे. आल्या आल्या त्यांनी दर बुधवारी संध्याकाळी शिष्यत्वाचा वर्ग सुरू केला. चर्चच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आम्ही दहा-बारा जण बसायचो, बहुतेक सगळे निवृत्त, गुडघे आणि साखर सांभाळत आलेले. आमचे आजोबा नगरकडून गिरणीत कामाला आले तेव्हापासून आम्ही या मंडळीत. शिष्यत्व आम्हाला हा मुलगा शिकवणार, याचं मला हसूच आलं होतं.

पण तो बोलायला लागला की हसू जायचं. रविवारी बाकावर बसून गाणी म्हणणं म्हणजे शिष्यपण नव्हे, सोमवारी सकाळी घरात, लिफ्टमध्ये आणि मासळी बाजारात तुम्ही कसे वागता ते शिष्यपण, असं त्याचं म्हणणं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्याने सांगितलं, "यंदा कोणी मटण सोडू नका. त्यापेक्षा एक माणूस निवडा. ज्याच्यावर प्रेम करणं तुम्हाला सगळ्यात अवघड जातं, असा. ईस्टरपर्यंत रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि रोज त्याचं एक काम करायचं. कोणाला निवडलं ते कोणालाही सांगायचं नाही. नवरा-बायकोनेही एकमेकांना नाही."

सगळा वर्ग फरशीकडे बघायला लागला. माझी निवड तर तिथल्या तिथे झाली.

आमच्या सातव्या मजल्यावरची बाई. भोईवाड्यात जिथे आमची चाळ होती तिथेच आता टॉवर झालाय. आम्ही अकराव्या मजल्यावर, ती सातव्या. चाळीत ती दोन खोल्या सोडून राहायची. आमच्याच मंडळीतली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरी ब्लाउज शिवते. गाते इतकी सुरेख की तिने सूर लावला की बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकावं. केस अजून काळे. रंगवलेले नाहीत, मी जवळून पाहिलंय. एवढंही मी चालवून घेतलं असतं. पण एका नाताळला तिने आमच्याकडे भरले बोंबील पाठवले आणि आमचे हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "असे बोंबील आईच्या हातचे खाल्ले होते." त्यानंतर माझ्या घरात बोंबील शिजलेले नाहीत.

तर मी तिच्यासाठी प्रार्थना करायला लागले. डोळे मिटले की ते काळे केस समोर यायचे आणि पुढचं काही सुचायचंच नाही. रोजचं काम म्हणून मी तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवायचे. दात आवळून का होईना, धरायचे.

माझ्या नवऱ्याने कोणाला निवडलं असेल, हे मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. धाकट्या दिरांशी त्यांचं गावच्या घरावरून बोलणं बंद होतं. तेच असणार, असं मी धरून चालले. पण आठवडा झाला तरी फोन नाही, निरोप नाही. उलट भलतीच चिन्हं दिसायला लागली.

पहिलं म्हणजे ते लवकर उठायला लागले. आमच्या संसारात सकाळचा चहा मीच करत आले. आता मी जागी व्हायच्या आत स्वयंपाकघरातून लायटरचा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने माझ्या उशाशी कप. चहा कसला, साखरेचा पाक. मी रोज सांगायचे, "साखर किती घालता? मला काय मारायचंय?" ते रिकामा कप उचलून न्यायचे. पुरुषाला मनात काही खात असलं की तो बायकोला चहा करून देतो, हे कळायला मला शिष्यत्वाच्या वर्गाची गरज नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

मग डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. चहा झाला की ते खाली जायचे ते अर्धा तास. काय करता विचारलं तर, "पाय मोकळे करतो." घरात एक-एक गोष्ट सुधारत होती, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आला, तेव्हा मला वाटलं चांभाराकडे जायचं निमित्त करून हे कुठे जातात कोण जाणे. विळीला धार आली तेव्हाही तेच. एका शनिवारी ते लालबागला मसाल्याची चौकशी करायला म्हणून गेले आणि मसाला न घेताच परत आले. पँटला मात्र पांढऱ्या कापसाचे तंतू चिकटलेले. मी ते चिमटीत धरून उजेडात पाहिले. मसाल्याच्या दुकानात कापूस कुठला?

शेजारच्या मालवणी वहिनी संध्याकाळी गॅलरीत आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या उपासाक साबुदाणो चलता काय गे?" मी म्हटलं, "आमच्या उपासाला सगळं चालतं वहिनी, शांती तेवढी चालत नाही." त्या बिचाऱ्या हसल्या. मला हसू येत नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारला दोन दिवस असताना माझ्या लक्षात आलं, शर्ट गेलाय. निळ्या चौकड्यांचा, पांढऱ्या बारीक रेघा असलेला. त्यांच्या निरोपसमारंभासाठी मी दादरला तीन दुकानं पालथी घालून घेतला होता. मागच्या नाताळला खिशापाशी माझ्याच हातून कालवणाचा थेंब उडाला, हळदीचा डाग काही केल्या गेला नाही. तरी तो त्यांचा आवडता शर्ट, असं मला वाटायचं.

"निळा शर्ट कुठेय?"

"दिला."

"कोणाला?"

"कामी येईल अशा ठिकाणी दिलाय गं."

"मी आणलेला होता तो."

"म्हणूनच," असं काहीतरी ते पुटपुटले आणि खाली निघून गेले. त्या 'म्हणूनच'चा अर्थ लावत मी दुपारभर तळमळले. म्हणूनच दिला? माझा होता म्हणून नकोसा झाला?

आणि दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून आले तर लिफ्टपाशी दोघं उभी. हे आणि सातव्या मजल्यावरची. ती त्यांच्या हातात एक फुगलेली कागदी पिशवी देत होती. मला पाहिल्याबरोबर दोघं गप्प झाली. ती आमच्या मंडळीच्या रीतीने म्हणाली, "सलाम ताई, ऊन काय वाढलंय ना!" मी लिफ्टचं दार धरलं नाही. माझा त्या दिवसाचा गृहपाठ तिथेच बुडाला.

खरं सांगते, मला राग यायला हवा होता, पण आला तो हेवा. राग आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. तिच्यावर प्रेम करणं यांना अवघड जातं, हे मला कोणी शपथ घेऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं. म्हणजे गृहपाठाच्या आडून हौस चालली होती. आणि हौसेपेक्षाही मला झोंबत होतं ते वेगळंच. इतक्या वर्षांच्या संसारात मी एवढंच मागत आले, की या माणसाने एकदा तरी, मी न सांगता, माझ्यासाठी काही करावं. मागूनसुद्धा मिळालं नाही म्हणून मी मागायचं सोडून बोलायला लागले, आणि बोलता बोलता माझी जीभ कशी झाली ते माझं मलाच माहीत आहे. आणि आता तो माणूस रोज सकाळी उठून, कोणी न सांगता, कोणासाठी तरी धडपडत होता. त्याला हे जमत होतं. फक्त माझ्या वाटणीला ते आलं नव्हतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमच्याकडे प्रभुभोजनाची उपासना असते. वेदीपुढच्या कठड्याशी सगळे ओळीने गुडघे टेकतात आणि पाळक भाकर आणि प्याला घेऊन येतात. गेली दोन वर्षं मी पुढे जात नाही. गुडघे खाली टेकले तर वर उठवायला दोघं लागतात. मग सगळ्यांचं झालं की पाळक माझ्या बाकापाशी येतात आणि अख्खं चर्च वळून बघतं. मला ते अजिबात आवडत नाही. आजारी माणसाला औषध आणून द्यावं तसं वाटतं.

त्या दिवशी आमची ओळ उठली तेव्हा यांनी माझ्या कोपराला धरलं. "चल."

"गुडघे कोण टेकणार? तुम्ही?"

"चल गं. कडेला टेक, भिंतीला धर."

लोक बघायला लागले म्हणून उठले. कठड्याच्या टोकाला, भिंतीपाशी, नेमकी एक उशी ठेवलेली होती. जाड, कापूस गच्च भरलेली, बारीक टाके घालून शिवलेली. मी भिंतीला धरून हळूहळू गुडघे टेकले. दुखलं नाही. म्हटलं चला, मंडळीला एकदाची अक्कल आली. आणि खाली पाहिलं.

निळ्या चौकड्या. पांढऱ्या बारीक रेघा. माझ्या उजव्या गुडघ्याशेजारी हळदीचा डाग.

पाळक भाकर घेऊन समोर आले आणि मी हात पुढे करायचंच विसरले. त्यांनी दोनदा थांबून पाहिलं. डोक्यात सगळं एकदम जुळत गेलं. लालबागच्या गादीवाल्याकडचा कापूस. सातव्या मजल्यावरचं शिलाई मशीन. कागदी पिशवी. चप्पल, विळी, चहा. हे सगळं माझ्याच वाटणीला येत होतं. क्षणभर इतकं बरं वाटलं की रडू आलं. भाकर तोंडात होती, आणि तेवढ्यात त्या गृहपाठातलं उरलेलं वाक्य आठवलं. ज्याच्यावर प्रेम करणं तुम्हाला सगळ्यात अवघड जातं, असा माणूस.

मंडळीत सासवा होत्या, सुना होत्या, तोंड न बघणारे भाऊ होते. त्यांचा स्वतःचा भाऊ होता. त्या सगळ्यांतून माझ्या नवऱ्याने मला निवडलं होतं.

घरी चालत निघालो. उड्डाणपुलाखालून जाताना मी विचारलं, "म्हणजे मी?"

"काय तू?"

"अवघड."

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय."

"तुमचं तोंड सांगतंय."

पुलाखालून बाहेर आलो. मग म्हणाले, "आधी त्याचंच नाव घेतलं होतं मी. धाकट्याचं. पण तो कुठे रोज समोर असतो? त्याच्यावर प्रेम करणं सोपं आहे गं. मला तुझ्याशी बोलायची भीती वाटते. बरीच वर्षं."

रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, तरी ते मला स्पष्ट ऐकू आलं. एरवी मी लगेच उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरांची कधी कमी नसते. पण उत्तर दिलं असतं तर त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं, म्हणून मी गप्प राहिले आणि आतल्या आत धुमसत राहिले.

शनिवारी मी सातव्या मजल्यावर गेले. तिने दार उघडलं, मला बघून जरा घाबरली. तीही मला घाबरते, हे मला तेव्हा दिसलं. मी म्हटलं, "उशी छान शिवलीस." ती म्हणाली, "त्यांनी तीनदा उसवायला लावली ताई. एवढ्या उंचीने तिला उठता येणार नाही, म्हणायचे." तिच्या स्वयंपाकघरातून बोंबलांचा वास येत होता. ती वाढायला निघाली होती, पण मी डबा घेऊन वर आले. एकदम सगळं मला जमत नाही.

ईस्टर झाला. पहाटेची उपासना झाली, गाणी झाली, सगळ्यांना सलाम झाले. चाळीस दिवस संपले होते, गृहपाठ संपला होता. आणि त्या रविवारी दिवसभर मला एकाच बाईचा हेवा वाटत राहिला. सातव्या मजल्यावरचीचा नाही. त्या अवघड बाईचा, जिच्यासाठी उपवासकाळभर रोज सकाळी कोणीतरी लवकर उठत होतं. तिच्या वाट्याचं तिला मिळून गेलं, आणि तिने ते हातात धरून त्यात साखर किती आहे तेवढंच पाहिलं. उद्यापासून तिच्या जागी नुसती मी असणार होते.

सोमवारी सकाळी मला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. मी डोळे मिटून पडून राहिले. पाय मोकळे करायला गेले असतील. वर्तमानपत्र आणायला गेले असतील. घरात काही हालचाल नव्हती. मग स्वयंपाकघरात लायटर वाजला.

मला राहवलं नाही. तिथूनच ओरडले, "वर्ग संपला ना तुमचा?"

कपबश्यांच्या आवाजातून त्यांचा आवाज आला, जरा जपूनच. "पाळक म्हणाले, ज्यांना अजून अवघड जातंय त्यांनी पुढे चालू ठेवा."

ते कप घेऊन आले आणि दारातच थांबले. मी उठून बसले, कप हातात घेतला, एक घोट घेतला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

साखर जास्त होती. मी काही बोलले नाही.